वाळलेल्या गवताची गोष्ट

स्मरणिकेसाठी या वर्षी इतिहासावर काहीतरी लिहा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा विषय माझ्या डोक्यात तयारच होता. घरात सांगायचं धाडस मात्र होत नव्हतं. शेवटी एका शुक्रवारी सकाळी चहा घेताना सांगून टाकला. सौ.ने कप खाली ठेवला. "अहो, सौदीत बसून गांज्यावर लेख? दुसरं काही सुचलं नाही? पेशवे आहेत, किल्ले आहेत, नाहीतर आपलं मंडळ कसं सुरू झालं ते लिहा."

तिचं चूक नाही. या देशात खसखसदेखील चालत नाही, म्हणून आपल्या बायका दिवाळीचे अनारसे तिळावर थापतात. १९९८ साली मी पहिल्यांदा इकडे निघालो तेव्हा आईने मसाल्याच्या डब्यात खसखशीची एक पुडी ठेवली होती. मुंबई विमानतळावर रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका मल्याळी गृहस्थांनी बोलता बोलता विचारलं, "खसखस नाही ना घेतली?" मी पुडी काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि पुढचे सहा तास घामाघूम होऊन बसलो. त्या गृहस्थांचं नावही मला माहीत नाही, पण दर दिवाळीला त्यांची आठवण येते.

तर मंडळी, आधीच सांगतो की हा लेख इतिहासाचा आहे, आणि थोडा आमच्या घराण्याचा आहे. सुरुवात मात्र खजुरापासून करावी लागेल.

माझा एक सहकारी अल-अहसाचा. हुफूफच्या बाहेर त्याच्या वडिलांची खजुराची बाग आहे. हे मरुद्यान २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. तिथे पंचवीस लाख खजुराची झाडं आहेत असं सांगतात. एकदा ऑगस्टच्या उकाड्यात तो मला बागेत घेऊन गेला. आपल्याला खजूर म्हणजे दुकानातली चिकट डबी एवढंच ठाऊक. अरबीत त्याच फळाची चार नावं आहेत : हिरवं असताना किमरी, रंग धरला की खलाल, मऊ पडलं की रुतब आणि वाळून मुरलं की तम्र. वर्षभर टिकतो तो तम्र. जुन्या काळी तो खजुराच्या पानांच्या गोणींत दाबून भरत, गोणींची थप्पी एका खोलीत रचत आणि वजनाने जो पाक गळे तो जमिनीतल्या पन्हळींतून रांजणात उतरे. त्या खोलीला मदबसा म्हणतात. सहकाऱ्याचे वडील एक फळ बोटांत दाबून मला दाखवत होते की हे नुसतं वाळलेलं आहे आणि हे दुसरं मुरलेलं आहे. अरबी मला कामापुरतीच येते, पण ते लगेच समजलं. आपल्याकडे लोणचं मुरतं, गूळ-तूप लावून ठेवलेले लाडू मुरतात. वाळवणं हे उन्हाचं काम आणि मुरवणं हे हाताचं.

बागेच्या कडेला शेळ्यांसाठी कापून टाकलेला चारा पडला होता. याला काय म्हणता, असं मी सहज विचारलं. सहकारी हसला, इकडे तिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "हशीश." मग त्याने समजावून सांगितलं की शब्दाचा मूळ अर्थ तोच, कापलेलं, वाळलेलं गवत. "पण तू ऑफिसात हा शब्द मोठ्याने वापरू नकोस."

गाडीतून परत येताना मला आजी आठवली, कारण अगदी असलीच गोष्ट तिने मला सांगितली होती.

आमचं मूळ गाव नगर जिल्ह्यातलं. (जिल्ह्याचं नाव २०२४ पासून अहिल्यानगर झालं आहे, पण जुन्या गोष्टी सांगताना तोंडात नगरच येतं.) आजी लग्न होऊन घरात आली तेव्हा आमच्या रानात अर्धा-पाऊण एकर गांजा होत असे, राजरोस, सरकारी परवान्यावर. शेवटची दोन पिकं तिने पाहिली. ज्वारीच्या खळ्यावर बैलांची पात फिरे. गांज्याचं खळं वेगळं आणि त्यावर पात माणसांची. आजीच्या सासऱ्यांना, म्हणजे माझ्या पणजोबांना, त्या दिवसांत कुणी हाक मारायची नाही, कारण ते ढिगात हात खुपसून ऊब पाहत बसलेले असत. हाताला राळेसारखा चीक बसे, तो राखेनं घासून काढावा लागे. आणि वास! "लुगड्याला वास, केसाला वास, भाकरीला वास," आजी म्हणायची. "आणि घरात ओढणारा एक माणूस न्हाई. माळकरी घर आपलं."

हे मी लहानपणी ऐकलं होतं आणि विसरलोही होतो. विसरायला घरच्यांनी मदतच केली. कारण पीक बंद झालं तरी गावाने आम्हाला एक टोपणनाव दिलं होतं, ते काही बंद झालं नाही. आत्याचं एक ठरत आलेलं लग्न त्या नावावरून मोडलं. त्यानंतर वडिलांनी हा विषय घरात काढू दिला नाही. पुढे काही वर्षांपूर्वी गावचं घर उतरवताना पत्र्याच्या पेटीत पणजोबांच्या नावाचा परवाना सापडला. छापील मजकूर, मधल्या जागा मोडीत भरलेल्या, खाली शिक्का. पुण्यातल्या एका मोडी जाणणाऱ्या बाईंकडून वाचून घेतला. पणजोबांचं नाव, रानाचा नंबर, क्षेत्र. बाकी काही नाही. पण सरकारने स्वतः लिहून दिलेला तो कागद हातात घेतल्यावर मला वाटलं की आता हे नीट समजून घेतलं पाहिजे.

समजून घ्यायला एक फार मोठं साधन उपलब्ध आहे. १८९३ च्या मार्चमध्ये ब्रिटिश पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन नावाच्या, दारूबंदीवाल्या खासदाराने बंगालमधल्या गांज्याविषयी प्रश्न विचारला. त्यातून ३ जुलै १८९३ रोजी हिंदुस्थान सरकारने एक कमिशन नेमलं, 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन'. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सात सभासदांत तीन हिंदी. मुंबई इलाख्यातून पंचमहालचे कलेक्टर ऑमॅनी, आणि रसायनाचे जाणकार म्हणून कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले वॉर्डन. त्यांनी सत्तर प्रश्नांची यादी छापली, देशभर दौरा केला आणि ११९३ साक्षीदारांचं म्हणणं गोळा केलं. वर्षभरात अहवाल तयार! सात खंड, शिवाय लष्कराविषयी एक पुरवणी खंड. स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीने हे सगळं संगणकावर चढवून ठेवलं आहे, त्यामुळे माझे बरेच शुक्रवार त्यात गेले. मुंबई इलाखा सातव्या खंडात आहे.

तो खंड उघडताना मनात एक वेडी आशा होती की आमच्या गावचं कुणी भेटेल. भेटलं नाही. साक्षी आहेत त्या कलेक्टरांच्या, मामलेदारांच्या, डॉक्टरांच्या, मिशनऱ्यांच्या, मक्तेदारांच्या. पायाने गांजा तुडवणाऱ्या माणसाला फारसं कुणी विचारलेलं नाही. मात्र त्याचं काम काय होतं हे त्या अहवालातून जितकं कळतं तितकं दुसरीकडे कुठे कळत नाही.

कमिशनने व्याख्याच अशी केली आहे की गांजा म्हणजे लागवड केलेल्या मादी झाडांचे वाळलेले फुलोरे, ज्यांना मोकळेपणी बी धरता न आल्यामुळे राळ सुटली आहे. या एका वाक्यात शेतकऱ्याचं सहा महिन्यांचं काम आहे. झाड तेच, पण त्याची पानं वाटली की भांग, राळ वेगळी काढली की चरस (तो त्या काळी बहुतेक यारकंदहून लेहमार्गे येई) आणि डोंगरात खोडाची साल सोलली की दोरखंड. गांजा आपोआप होत नाही. शेतात नर झाड एक जरी राहिलं तरी वाऱ्याने पराग पसरतो, बी धरतं आणि माल बिघडतो. म्हणून ओळीओळीने फिरून, फुलं उमलायच्या आत नर झाड ओळखून उपटायचं. बंगालमध्ये राजशाहीकडच्या नवगावला (ते आता बांगलादेशात आहे) या कामाला खास माहीतगार असत, त्यांना पोद्दार किंवा परखदार म्हणत. इंग्रज अधिकारी त्यांना चेष्टेने गांजाडॉक्टर म्हणत. आमच्याकडे असला डॉक्टर परवडणारा नव्हता. पणजोबा आणि त्यांचे भाऊ स्वतःच फिरत.

आणि मग खळं. नवगावची पद्धत तपशिलाने नोंदलेली आहे, आणि ती वाचताना मला आजीचं बोलणं ओळीओळीला आठवत होतं. कापलेले फुलोरे उन्हात पसरायचे, रात्री दवात राहू द्यायचे, म्हणजे चुरा होत नाही. मग वर्तुळात मांडून माणसांनी एकमेकांना धरून पायाने तुडवायचे, उलटायचे, पुन्हा तुडवायचे, चटया घालून दाबून ठेवायचे. दाबलेल्या ढिगात ऊब धरते, हिरवा रंग जाऊन तपकिरी येतो. तुडवून होतो तो चपटा गांजा. नवगावला एक गोल गांजाही करत, त्यात फुलोरा पायाखाली वळून सुरळीसारखा करत. ते कसब बंगालचंच. गळून पडेल तो चूर. आपल्या इलाख्यात चपटाच. ढिगात ऊब जास्त झाली तर माल कुजतो, कमी झाली तर नुसतं वाळलेलं गवत. पणजोबांना हाक का मारायची नाही, ते मला इथे अल-खोबरमध्ये, एअरकंडिशनरखाली बसून, ऐंशी वर्षांनी समजलं.

या मुरण्याचं रसायन त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं. वॉर्डनसाहेबांनाही नाही. नशा आणणारं द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळं करून त्याची रचना सांगितली ती १९६४ साली, इस्रायलमधल्या गाओनी आणि मेशुलाम यांनी. ताज्या झाडात ते द्रव्य आम्लरूपात असतं आणि त्या रूपात नशा आणत नाही. उष्णतेने ते बदलतं. पुढे हवा आणि प्रकाश यांनी तेही उतरत जातं. शेतकऱ्याला एवढंच माहीत होतं की जुना माल उतरतो.

आता या सगळ्याचा अरबांशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध जुना आहे. तेराव्या शतकातला मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ इब्न अल-बैतार (मूळचा स्पेनमधल्या मालागाचा, मृत्यू १२४८ साली दमास्कसमध्ये) लिहितो की भांगेच्या झाडाची एक जात आहे तिला 'हिंदी' म्हणतात. ती त्याने फक्त इजिप्तमध्ये पाहिली, तिथे बागांतून लावतात. फकीर लोक ती कशी तयार करतात हेही त्याने लिहून ठेवलं आहे. कुणी पानं शिजवून, मळून गोळ्या करतात. कुणी थोडी वाळवून, भाजून, हातावर चोळून, त्यात सोललेले तीळ आणि साखर घालून चघळतात. तीळ आणि साखर! आपल्या संक्रांतीचाच ऐवज. झाडाला 'हिंदी' म्हणायचं आणि मालाला 'वाळलेलं गवत', अशी ती विभागणी तेव्हापासूनची.

इस्लामी धर्मशास्त्र्यांनी यावर पुष्कळ खल केला. कुराणात दारूचं नाव आहे, या गवताचं नाही; मग हे निषिद्ध कसं ठरवायचं? दमास्कसच्या इब्न तैमियाने (मृत्यू १३२८) ते दारूइतकंच निषिद्ध ठरवलं, आणि कैरोच्या अल-झरकशीने (मृत्यू १३९२) या एकाच विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. फ्रान्झ रोझेन्थाल यांनी १९७१ च्या 'द हर्ब' या पुस्तकात हा सगळा वाद मांडला आहे. ते वाचताना गंमत वाटते, कारण साडेपाचशे वर्षांनी कमिशनपुढे आलेले बरेचसे प्रश्न तेच होते : याने वेड लागतं का, माणूस कामाला निरुपयोगी होतो का, आणि बंदी घातली तर ती पाळली जाईल का.

कमिशनने ६ ऑगस्ट १८९४ ला सिमल्याहून उत्तर दिलं. बेताने घेणाऱ्यांचं नुकसान नगण्य, अतिरेक करणाऱ्यांचं आहे. संपूर्ण बंदी नको, परवाने द्या, कर वाढवा, लागवड आटोक्यात आणा. वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदी त्यांनी एकेक तपासल्या तेव्हा आढळलं की वेडाचं कारण माहीत नसलं की 'गांजा' लिहून टाकायची कारकुनी पद्धतच पडली होती. हा भाग मला फार प्रामाणिक वाटतो. पण सगळे सहमत नव्हते, हेही सांगायला हवं. तीन हिंदी सभासदांपैकी दोघांनी, ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय आणि मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद यांनी, भिन्नमतपत्रिका जोडली. साहेब म्हणतो चालू द्या आणि आपली माणसं म्हणतात थांबा! आणि साहेबाच्या चालू द्या म्हणण्यात तिजोरीचा हिशेब अजिबात नव्हता असं मानण्याइतका मी भोळा नाही. आमचा परवाना हा त्या हिशेबाचाच एक कागद.

बंदीचं वारं पुढे आलं ते मात्र अरबी प्रदेशातूनच. १९२४-२५ साली जिनिव्हात अफूची आंतरराष्ट्रीय परिषद भरली असताना इजिप्तचे प्रतिनिधी मोहम्मद अल-गिंदी यांनी हशीशचा विषय लावून धरला. हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी सामाजिक आणि धार्मिक चालीरीतींचा हवाला देत हात आखडते घेत होते. १९ फेब्रुवारी १९२५ च्या करारात अखेर 'इंडियन हेम्प' आलं, आणि त्याची व्याख्या अशी : मादी झाडाचे वाळलेले फुलोरे, ज्यांतून राळ काढून घेतलेली नाही. 'वाळलेले' हा शब्द लक्षात घ्या. कमिशनच्या व्याख्येत तो होता, जिनिव्हातही राहिला. म्हणजे जगाच्या कायद्यात गांजा हा तोवर शेतातला नव्हता, खळ्यावरचा होता.

१९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात तो शब्द गेला. नुसते फुलोरे. ओले असोत की वाळलेले. फुलोऱ्याशिवायची पानं वगळली, म्हणून होळीची आणि महाशिवरात्रीची भांग बचावली. आपला १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा, जो त्या वर्षी १४ नोव्हेंबरला लागू झाला, त्यातही व्याख्या तीच. अजूनही वर्तमानपत्रांत तुरीच्या नाहीतर कपाशीच्या आड लावलेला गांजा पोलिसांनी उपटल्याच्या बातम्या येतात, शिरपूरकडच्या जास्त. मग कोर्टात वाद होतो की वजन केलं ते फुलोऱ्याचं की पाला-काडीसकट हिरव्या झाडाचं. कारण शिक्षा वजनावर ठरते. पणजोबांचं सगळं कसब ज्या एका शब्दात होतं, तो गेल्यावर हे तराजूचं भांडण उरलं.

सौदीबद्दल दोनच ओळी लिहितो. इथे १९८७ च्या धर्मपंडितांच्या निर्णयानुसार तस्करीला देहदंड आहे, २००५ चा सविस्तर कायदा आहे, आणि मध्यंतरी थांबलेली अशा गुन्ह्यांतली फाशीची अंमलबजावणी नोव्हेंबर २०२२ पासून पुन्हा सुरू झाली. दुसऱ्याची पिशवी, 'फक्त पोचवून द्या' म्हणून दिलेलं पाकीट, औषधांच्या गोळ्या, यांबाबत नव्याने येणाऱ्या मुलांना आपण मंडळात सांगतोच. पुन्हा सांगायला हरकत नाही.

या लेखासाठी परवान्याचा फोटो छापायचा विचार होता. पुतण्याने तो स्कॅन करून पाठवतो म्हणून फोन केला, तेव्हा मीच नको म्हणालो. वरती 'गांजा' असं ठळक छापलेला कागद माझ्या संगणकावर यायला नको, एवढी खसखस माझ्या अंगात अजून शिल्लक आहे. तो हसला.

मागच्या सुट्टीत मूळ कागद घेऊन आत्याकडे गेलो. तिने ऐंशी ओलांडली आहे. तिचं नंतर चांगल्या घरी लग्न झालं, नातवंडं झाली, पण हा विषय तिच्यापुढे काढायला मला पंचवीस वर्षं लागली. तिने चष्मा लावला. मोडी तिला येत नाही, पण शिक्क्यावरून बराच वेळ बोट फिरवलं. म्हणाली, "सरकारचा शिक्का आहे रे यावर. म्हणजे चोरून नव्हतं?"

"नाही आत्या, चोरून नव्हतं."

"मग हे तेव्हा का नाही दाखवलं त्या लोकांना?"

मला उत्तर देता आलं नाही. कागद तिने परत दिला नाही. देव्हाऱ्याखालच्या फडताळात, पोथीच्या कापडात गुंडाळून ठेवला आहे.